घरशाळेचा दिवस बसवायचा कसा? आधी घरकाम, मग धडे

जूनमध्ये घरात फळा येतो. भिंतीवर वेळापत्रक लागतं: नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते दहा गणित, मग डबा. गणपती येईपर्यंत त्याच फळ्यावर वाणसामानाची यादी लिहिलेली असते.

घरी शिकवणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचं गाडं इथेच अडतं. कारण आळस नसतो, क्रम चुकलेला असतो. तासिका, घंटा, गृहपाठ ही तीस-चाळीस मुलं एका खोलीत सांभाळायची सोय आहे. एक-दोन मुलांच्या घरात ती जशीच्या तशी आणली की आईची बाई होते, बाबांचे सर होतात आणि सगळेच सुट्टीची वाट बघायला लागतात. मग ‘अभ्यास होत नाही’ म्हणून धडे वाढवले जातात, आणि संस्कारांसाठी संध्याकाळी एक बोधकथा जोडली जाते. दोन्ही उलट्या दिशेचे उपाय.

पुढचे टप्पे साधारण ६ ते १२ वयाच्या मुलांसाठी आहेत. घरातलं एक मोठं माणूस निदान अर्धा दिवस घरी असतं असं धरलं आहे. घरी शिकवावं की नाही, हा वाद इथे घेतलेला नाही.

## टप्पा १: शाळा सोडण्याआधी कागद

मूल शाळेत जात असेल तर नाव काढताना शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या आणि तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख ही माहिती दाखला, जन्मदाखला आणि आधार कार्ड या तिन्हींवर अक्षरशः एकसारखी हवी. जन्मठिकाण आधार कार्डावर नसतं, ते दोन्ही दाखल्यांवर जुळायला हवं. ‘श्रेयस’ एका ठिकाणी आणि ‘श्रेयश’ दुसऱ्या ठिकाणी, हे आज किरकोळ वाटतं. दहावीचा अर्ज भरताना तेच डोक्याला ताप होतं. शेवटच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तकही ठेवा. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि एक स्कॅन.

कायद्याबद्दल एवढं माहीत असू द्या: २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं त्याचं कलम १० सांगतं, पण तसं न करणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. घरच्या शिक्षणाची नोंदणी करून घेणारी स्वतंत्र सरकारी व्यवस्थाही नाही. म्हणून तुमच्या नोंदी हाच तुमचा पुरावा. त्या पहिल्या दिवसापासून ठेवायच्या. कशा, ते टप्पा ८ मध्ये.

इशारा: दाखला ‘नंतर नेऊ’ म्हणून शाळेत ठेवू नका. तो हरवला तर दुय्यम प्रत काढायला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि फेऱ्या लागतात.

## टप्पा २: रिकामे आठवडे

शाळेतून आलेल्या मुलाला लगेच धडे देऊ नका. शाळेत जितकी वर्षं गेली तितके महिने मोकळे, असा अंदाज घरी शिकवणारे लोक सर्रास वापरतात. तो अगदी काटेकोर पाळायची गरज नाही, पण चौथीतून आलेल्या मुलाला दोन-तीन महिने तरी हवेतच. शाळेत कधीच न गेलेल्या मुलासाठी हा टप्पा दोन आठवड्यांत आटोपतो.

या काळात काम पालकांचं असतं. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा: मूल आपणहून किती वाजता उठलं, कोणत्या वेळी चिडचिड झाली, कशात अर्ध्या तासापेक्षा जास्त रमलं, काय विचारलं. प्रश्न मुलाच्या शब्दांत उतरवा. ‘विज्ञानात रस आहे’ या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘पाल भिंतीवरून पडत का नाही?’ हा प्रश्न मात्र दोन आठवडे पुरतो.

पहिल्या आठवड्यात मूल टीव्ही किंवा मोबाइल मागतं आणि ‘कंटाळा आला’चा जप सुरू होतो. त्या कंटाळ्यावर लगेच क्लास, किट किंवा अ‍ॅप आणून देऊ नका. पडद्याची वेळ आधीच ठरवून टाका (दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी) आणि उरलेला कंटाळा तसाच राहू द्या. दहाव्या-बाराव्या दिवशी माळ्यावरचं काहीतरी खाली उतरलेलं दिसेल.

तपासा: मूल सकाळी न उठवता साधारण एकाच वेळी उठतंय का? दिवसात एकदा तरी, कुणी न सांगता, काहीतरी सुरू करतंय का? दोन्हीला ‘हो’ आलं तरच पुढे जा.

## टप्पा ३: दिवसाच्या चार खुंट्या

वेळापत्रक नको, खुंट्या ठोका. न्याहारी, दुपारचं जेवण, दिवेलागण आणि झोप या चार गोष्टींच्या वेळा पंधरा मिनिटांच्या फरकाने रोज सारख्या ठेवायच्या. बाकी सगळं यांच्या आधी किंवा नंतर अडकवायचं. ‘नऊ वाजता गणित’ असं न ठरवता ‘न्याहारीची ताटली घासून झाली की गणित’ असं ठरवा. पाहुणे आले, वीज गेली, न्याहारीला उशीर झाला, तरी दिवस मोडत नाही. सगळा पुढे सरकतो एवढंच.

पहिले तीन आठवडे फक्त खुंट्याच पक्क्या करा. यात सगळ्यांत आधी झोपेची खुंटी हलते, आणि ती बहुतेक वेळा मोठ्यांमुळे हलते. रात्री अकराला सगळं घर हॉलमध्ये जागं असेल तर मुलाने साडेनऊला झोपावं ही अपेक्षा धरू नका.

## टप्पा ४: एक काम पूर्णपणे सोपवणे

सगळ्यांत घाईत उरकला जाणारा आणि सगळ्यांत जास्त फळ देणारा टप्पा हाच आहे, म्हणून इथे रेंगाळू.

‘मदत कर’ आणि ‘हे काम तुझं’ यांत फरक आहे. मदत करणाऱ्याला कुणीतरी सांगावं लागतं. ज्याचं काम असतं, त्याने ते केलं नाही तर घराचं काहीतरी अडतं. असं अडणारं एकच काम निवडा. सहा-सात वर्षांच्या मुलाला पाण्याच्या बाटल्या भरणं, ताटं-वाट्या मांडणं किंवा तुळशीला पाणी. आठ-नऊला भात लावण्याची तयारी, सुकलेल्या कपड्यांच्या घड्या. अकरा-बाराला आठवड्याची भाजी किंवा दूध-पेपरचा हिशोब. मुलगा-मुलगी असा भेद करून कामं वाटाल तर पोरं तोच धडा शिकतील, आणि तो पुसायला फार कष्ट पडतात.

काम सोपवायच्या चार पायऱ्या:

1. दाखवा. तीन दिवस तुम्ही करा, मूल बघेल. बोलणं कमी.
2. मिळून करा. चार-पाच दिवस. अवघड भाग तुमचा, बाकीचा त्याचा.
3. गप्प उभे राहा. एक आठवडा. हात मागे बांधून. चूक दिसली तरी, भाजण्या-कापण्याचा धोका नसेल तर, बोलायचं नाही.
4. निघून जा. आता विचारायचं नाही, आठवण द्यायची नाही, परिणाम सगळ्यांनी मिळून भोगायचा.

उदाहरण भाताचं घेऊ. नऊ वर्षांच्या मुलीकडे तयारी सोपवली आहे: दीड वाटी तांदूळ मोजायचे, दोनदा-तीनदा धुवायचे, वीस मिनिटं भिजत ठेवायचे, पाणी मोजून घालायचं आणि हाक मारायची. कुकर लावणं आणि गॅस मोठ्या माणसाकडे. जुना तांदूळ असेल तर वाटीला दोन वाट्या पाणी, म्हणजे दीड वाटीला तीन. नवा इंद्रायणी असेल तर पाणी कमी लागतं. वाटीला दीड वाटीपासून सुरुवात करा. मग दीड वाटी तांदळाला पाणी किती? सव्वादोन वाट्या. अपूर्णांकांचा गुणाकार इथे कुणी ‘शिकवला’ नाही, पण हिशोब चुकला तर रात्री सगळ्यांच्या पानात खिमट पडतं.

एके दिवशी ती भिजवायला विसरेल, नाहीतर पाणी कमी घालेल. भात टचटचीत होईल. तेव्हा बोलायचं ते एवढंच: ‘आज कणी राहिली. पाणी किती घातलं होतंस?’ ती आठवेल, सांगेल. उद्याचा भात नीट होईल. आजीचं ‘अगं, लहान आहे ती, मी बघते’ मात्र आधीच थांबवायला हवं. हे बोलणं आजीशी पायरी १ च्या आधी करून ठेवा, जेवणाच्या पानावर नाही.

नेहमीच्या चुका: मुलाची पाठ फिरली की त्याने घातलेल्या घड्या पुन्हा घालणे. मुलाला ते कळतं, आणि ‘मी केलं काय, न केलं काय’ हा निष्कर्ष ते लगेच काढतं. दुसरी, घरच्या रोजच्या कामाचे पैसे देणे. मग पैसे नको असतील त्या दिवशी काम नाकारायचा हक्कही द्यावा लागतो. तिसरी, एकदम चार कामं देणे. एक काम महिनाभर विनासायास चाललं की दुसरं.

तपासा: सलग दोन आठवडे आठवण न करून देता काम झालं का? बारा दिवस झालं आणि दोन दिवस राहिलं, तरी पास.

## टप्पा ५: आता धडे, आणि थोडेच

इथे येईपर्यंत काही महिने गेलेले असतात आणि पालकांचा धीर सुटत आलेला असतो. तरी थोड्यापासूनच सुरुवात करा. सहा-सात वर्षांसाठी एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं, दिवसात दोन बैठका. नऊ-दहासाठी तीस मिनिटांच्या तीन. बाराव्या वर्षी दोन-अडीच तास पुरे. तीस मुलांना समजलं का हे बघण्यात शाळेचा जो वेळ जातो, तो घरी जात नाही.

क्रम असा ठेवा: न्याहारीनंतर गणित, त्याला लागून लेखन, मोठ्याने वाचून दाखवणं दुपारी किंवा झोपताना. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, ती चौकट म्हणून उत्तम आहेत. धडा न् धडा, स्वाध्याय न् स्वाध्याय उरकायचं बंधन स्वतःवर घालू नका. गणिताला मात्र ही सूट नाही. इतिहासातला एक धडा राहिला तर पुढे भरून निघतो, पण हातच्याची वजाबाकी कच्ची राहिली तर भागाकार कधीच बसत नाही.

लेखनासाठी निबंध नको. रोज तीन वाक्यं, खऱ्या माणसासाठी लिहिलेली: मावशीला पत्र, सोसायटीच्या वॉचमनकाकांना चिठ्ठी, फ्रिजवर ‘दही संपलंय’. वाचणारा माणूस असला की शुद्धलेखनाला आपोआप कारण मिळतं. चुका एका वेळी एकाच प्रकारच्या दाखवा. या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ, बाकी सोडून द्या.

पाढे दिवेलागणीला. परवच्याची जुनी वेळ अजूनही सगळ्यांत सोयीची आहे: दिवा लागला की दहा मिनिटं, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने. तीसपर्यंतचे पाढे झाले की थांबू नका. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढेही घ्या. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘अडीच’, ‘पावणेतीन’, ‘साडेचार’ हे शब्दच अडतात. त्यांच्या बाबतीत आधी घड्याळ आणि वजनकाटा, मग निमकी.

इशारा: मूल रडत असताना बैठक पुरी करू नका, आणि रडलं म्हणून कायमची रद्दही करू नका. वही मिटा, पाणी प्या, उद्या त्याच उदाहरणापासून सुरू करा.

## टप्पा ६: बाजार

आठवड्यातून एकदा, नऊ वर्षांपासून पुढे. लागणाऱ्या गोष्टी: कापडी पिशवी, शंभर-दीडशे रुपये सुटे, चार वस्तूंची यादी आणि छोटी वही.

निघण्याआधी वहीत दोन रकाने आखायचे, ‘अंदाज’ आणि ‘खरं’. अंदाज मुलाने लिहायचा. बाजारात तुम्ही पाच पावलं मागे थांबा. जवळ उभं राहिलात तर भाजीवाल्या मावशी तुमच्याशीच बोलणार. भाव विचारायचा, काट्यावर आधी शून्य आहे ना ते बघायचं, मेथीची जुडी मधून उघडून आत पिवळी पानं आहेत का ते पाहायचं. साठ रुपये किलोचे टोमॅटो पाऊण किलो घेतले तर किती? पाऊणकी पाठ असेल तर तोंडातून पंचेचाळीस निघतं. नसेल तर पाव किलोचे पंधरा काढून तिप्पट करू द्या, घाई नको. पैसे दिल्यावर सुटे तिथेच उभं राहून मोजायचे.

पैसे कमी पडले तर काय सोडायचं हे मुलाने ठरवायचं. कोथिंबीर सोडली तर त्या दिवशी आमटीत कोथिंबीर नाही. तुम्ही खिशात हात घातलात की सगळा खेळ संपला.

सुटे जास्त आले तर? तो क्षण हातचा जाऊ देऊ नका, पण भाषणही देऊ नका. मूल मोजेल, थांबेल, तुमच्याकडे बघेल. तुम्ही फक्त विचारा: ‘किती यायला हवे होते?’ बाकीचं ते परत जाऊन करेल. नाही केलं, तर त्याच्यासोबत तुम्ही जा.

तपासा: चार आठवड्यांनी ‘अंदाज’ आणि ‘खरं’ यांतला फरक कमी होतोय का? होत नसेल तर मूल अंदाज न करता आकडे लिहून टाकतंय. घरी आल्यावर एकेका वस्तूबद्दल ‘हे कशावरून धरलंस?’ एवढंच विचारा.

## टप्पा ७: खोटं, मोडतोड, भांडण

संस्कारांचा वेगळा तास नको, असं म्हणायचं कारण असं की बोधकथा ऐकल्यावर मुलं बोध सांगतात, कारण तो विचारला जातो हे त्यांना माहीत असतं. वागण्याशी त्याचा संबंध फारसा राहत नाही. उलट, पुढचे तीन प्रसंग घरात आठवड्याला येतातच. दर वेळी तेच आणि तसंच करत गेलात तर त्यांतूनच स्वभाव घडतो.

खोटं. तुळशीची माती कोरडी दिसते आहे. तरीही ‘पाणी घातलंस का?’ असं विचारणं म्हणजे सापळा लावणं. घाबरलेलं मूल ‘हो’ म्हणणार, आणि मग तुम्ही पाण्याचं सोडून खोट्याच्या मागे लागणार. त्याऐवजी म्हणा: ‘माती कोरडी आहे. आत्ता घाल.’ माहीत असलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी घरातलं निम्मं खोटं कमी होतं. मूल आपणहून कबूल झालं, तर त्या दिवशी रागवायचं नाही; नुकसान भरून घ्यायचं आणि विषय संपवायचा.

मोडतोड. क्रम: कुणाला लागलं का ते बघणे, पसारा आवरणे, दुरुस्ती किंवा भरपाई, आणि बोलणं सगळ्यांत शेवटी. फुटलेली बरणी मोठ्यांनी उचलायची, पण फरशी मुलाने पुसायची. शेजारच्या काकूंची कुंडी फुटली तर मूल स्वतः जाऊन सांगेल, तुम्ही दारापर्यंत सोबत.

भांडण. ‘सॉरी म्हण’ असं दरडावून म्हणवून घेतलेल्या शब्दाने काही होत नाही. आधी परत करायचं ते परत करू द्या, पाडलेलं उभं करू द्या. न्यायाधीश होऊ नका. दोघांना वेगळं बसवून, प्रत्येकाने काय झालं ते एका वाक्यात सांगायचं, दुसऱ्याने तेच वाक्य परत म्हणायचं. दुसरीतल्या मुलालाही हे जमतं.

आणि मोठ्यांचं काय? एक आठवडा मोजून बघा: ‘पाच मिनिटांत येते’ किंवा ‘आलोच, फोन ठेवतो’ असं किती वेळा म्हटलंत आणि खरंच किती मिनिटांनी गेलात. हा आकडा वहीत लिहा. मुलाच्या शब्दाला वजन यावं असं वाटत असेल तर पहिली दुरुस्ती इथे आहे. आपलं चुकलं तर ‘माझं चुकलं, मी आवाज चढवायला नको होता’ एवढं म्हणून थांबा. पुढे ‘पण तूसुद्धा...’ जोडलंत की माफी गेली.

इशारा: चांगल्या वागण्याचे स्टार, गुण, तक्ते लावू नका. पहिले तीन आठवडे भिंत चमकते, मग प्रत्येक कामाआधी ‘किती स्टार?’ विचारलं जातं.

## टप्पा ८: नोंदी, माणसं आणि दहावी

नोंदी. दर शनिवारी अर्धा तास. टप्पा २ मधली वहीच पुढे चालवा: आठवड्यात काय वाचलं, गणितात कुठवर आलो, कोणतं काम, बाजाराचा हिशोब. सोबत एक फाइल: महिन्याला लेखनाचे दोन नमुने, गणिताचं एक पान, एक चित्र किंवा फोटो. प्रत्येकावर तारीख. तारीख नसलेला कागद उपयोगाचा नाही.

माणसं. ‘मित्र कुठून मिळणार?’ या प्रश्नाने घाबरून पाच क्लास लावले जातात. दोन ठरलेल्या जागा पुरतात, पण त्या खरोखर ठरलेल्या हव्यात: रोज संध्याकाळी तेच मैदान आणि आठवड्याला तेच वाचनालय. त्याच जागी तीच मुलं पुन्हा भेटली की मैत्री होते. नातेवाइकांसाठी मुलाला एक सरळ उत्तर द्या: ‘मी घरी शिकतो, काका.’ लग्नकार्यात ‘मग सांग बघू, सात नव्वे?’ असा पेपर कुणी घेतला, तर उत्तर द्यायची सक्ती नाही. तिथे मध्ये पडायचं काम तुमचं.

दहावी. अकराव्या-बाराव्या वर्षी मागे मोजत नियोजन करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. निदान पाच विषय घ्यायचे, त्यांत एक तरी भाषा. मराठी माध्यम मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकाच वेळी द्यायची गरज नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे दोन भाषा आधी आणि गणित-विज्ञान पुढच्या खेपेला असं करता येतं. याच संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे ए, बी, सी स्तरही आहेत. लेखी परीक्षेची सवय नसलेल्या मुलाला सी स्तर द्यायला लावणं शहाणपणाचं. राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याच्या अटी आणि मुदती त्या-त्या वर्षाच्या सूचनेत वाचा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तपासा: बाराव्या वाढदिवसाला मुलाला तीन तास एका जागी बसून पेनने लिहिता येतं का? घरी शिकलेल्या मुलांना उत्तर येतं, हात दुखतो. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाच्या सलग लेखनापासून सुरू करून दर दोन महिन्यांनी पंधरा मिनिटं वाढवा.

## सगळं कोलमडलं तर

कोलमडणारच. आजारपण, दिवाळी, गावची जत्रा, घरातलं लग्न. परत सुरू करताना धड्यांपासून सुरू करू नका. पहिले तीन दिवस फक्त खुंट्या, पुढचे चार दिवस खुंट्या आणि मुलाचं एक काम, आणि आठव्या दिवशी गणिताची एकच बैठक, तीही मुलाला आधीच येत असलेल्या उदाहरणांची.